रत्नम्माचं पहिल्या पंगतीचं ताट

शांतम्माच्या तोंडाला लागायची उदगीरच्या मोंढ्यात कुणाची छाती नव्हती. आडतीवर धान्य चाळता चाळता ती भल्याभल्यांची हजेरी घ्यायची. नवरा गेल्यावर एकटीनं लेक रत्नम्मा वाढवली आणि जळकोटला धोंडप्पा व्यापाऱ्याच्या घरात दिली. त्या एका उंबऱ्यात मात्र ती मूग गिळून बसायची. लेकीची आई ना!

लातूरचा नवा जिल्हा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. पावसासाठी घरात कडक सोमवार धरायचे असं धोंडप्पानं ठरवलं. धरले कुणी? सुनेनं. बाकीचे दिवस ती शेवटच्या पंगतीला, उरलंसुरलं खायची. रत्नम्मा खोकू लागली तेव्हा म्हणे पाणी बाधलं. थुंकीत रक्त आलं तेव्हा कुठं शांतम्मानं तिला लातूरच्या दवाखान्यात नेलं.

"टीबीचे जंतू बहुतेक लहानपणीच शिरलेत, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंगातली एक पेशी त्यांना गिळते आणि त्यांचा तुकडा दुसरीला दाखवते. दुसरी ओळखते, पहिलीला मारायचं बळ देते. मग साऱ्या मिळून गराडा घालतात. वस्तीत लांडगा शिरला की माणसं जमतात ना, तसं. वर्षानुवर्षं कोंडून ठेवतात. पण उपाशीपोटी पहारा किती टिकणार? गोळ्या चुकवू नका आणि हिला पोटभर जेवू घाला. नाहीतर हाती लागायची नाही."

शांतम्माच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी एकमेकींच्या हाकेला धावतात, आणि ह्या धडधाकट माणसांना एक सून जगवता येऊ नये?

सोमवारी दुपारी ती लेकीला घेऊन जळकोटला पोचली. पुरुषांची ताटं मांडली होती. तिनं रत्नम्माला थेट धोंडप्पाच्या पाटावर बसवलं.

"सोमवार हाय तिचा!" धोंडप्पा गरजला. "व्रत मोडलं तर पाऊस यायचा न्हाई."

"आण्णा, सोमवार तुमालाबी हाय की! तुमच्या ताटात भाकर कशी? सारा श्रावण माझी लेक उपाशी ऱ्हायली. किती पडला पाऊस, सांगा!"

रत्नम्मानं घास उचलला आणि सवयीनं सगळ्यांकडं बघितलं, जेवले का म्हणून. ते बघून शांतम्माला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. तिनं लेकीचा पाट भिंतीकडं फिरवला, ताट पुढं सारलं.

"वर बघू नगंस. खा."