सरकलेली वेलांटी

मुलांनो, परवा टेलिफोनवाले येऊन घरातली वायर काढून घेऊन गेले. भिंतीवर तिची पांढरी रेघ तेवढी उरली आहे. ती रंगवण्याआधी हे लिहिते, कारण त्या एका वायरीवर आम्ही दोघी एकाच मुलाची वाट बघत होतो, हे तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही.

तो मुलगा म्हणजे तुमचे बाबा. परदेशी गेल्यावर हातानं पत्र लिहिणं सुटलं; ईमेल यायची, इंग्रजी अक्षरांत मराठी. तुमच्या पणजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आपलीच अक्षरं यायची, आणि काचबिंदूनं त्यांची नजर चालली होती. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. ईमेल वाचून दाखवली की म्हणत, "तू वाचते तं तुहाच आवाज येते वं. त्याचा कुठी येते?"

मी आर्णीच्या कॉलेजात गणित शिकवत होते, थोडं प्रोग्रामिंग यायचं. इंग्रजी अक्षरांचं मराठी करणारा प्रोग्राम मी लिहिला. पण ठसठशीत मराठी अक्षरं काढायला लायब्ररी हवी होती, म्हणजे दुसऱ्या कोणी आधीच लिहून ठेवलेला कोड. इंटरनेटवर ती फुकट होती.

"फुकट हाय तं इतकी तगमग कायले?"

तगमग अशी, की इंटरनेट तेव्हा फोनच्याच वायरीतून यायचं, आणि फाइल उतरत आली की आत्याबाई आतल्या खोलीतला रिसीव्हर उचलत. कनेक्शन तुटे. पुन्हा पहिल्यापासून.

"आत्याबाई, ठेवा ना तो!"

"कोनीतरी किंचाळून राह्यलं यात! तुह्या मशीनपायी पोट्ट्याचा फोन लागत नसन."

तेही खरंच होतं. शेवटी त्यांची खुर्चीच कॉम्प्युटरशेजारी आणली. फाइल किती उतरली ते दाखवणारी पडद्यावरची निळी पट्टी त्यांना अजून दिसायची. "सरकली वं, सरकली," म्हणत त्यांनीच ती फाइल उतरवून घेतली म्हणा ना.

मग प्रोग्राम कंपाइल होईना, म्हणजे मशीनला चालवता येईल असा तयारच होईना. ही लायब्ररी दुसरी मागे, दुसरी तिसरी. पाहुणा भाच्याशिवाय पंगतीला बसत नाही आणि भाचा मेव्हण्याशिवाय, तशी गत. मधेच लाइट जाई. मला स्वस्थ बसवत नव्हतं. आत्याबाई आता दारातलं माणूस आवाजावरून ओळखू लागल्या होत्या.

एका दुपारी एकही एरर आली नाही. कागद छापून त्यांच्या हातात दिला. खिडकीशी जाऊन, बोट ठेवत त्यांनी वाचलं, "आजी, इथं तुझ्या हातची भाकर मळित नाही."

मिळत नाही! 'म'च्या आधी यायची वेलांटी माझा प्रोग्राम नंतर काढत होता. मी कागद परत घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो छातीशी धरला.

"माह्या पोट्ट्यानंच लिवलं हे. दुसरीत होता तवाबी वेलांटी अशीच सरकवे. आता आला त्याचा आवाज."

दुरुस्ती एवढीशी होती. मी केली नाही. त्यांना दिसत होतं तोवर सगळी पत्रं तशीच छापली.

फ्लॉप्यांना बुरशी लागली, कॉम्प्युटर भंगारात गेला, लायब्ररी जिथून उतरवली ते पानही आता उघडत नाही. तो पहिला कागद माझ्या कपाटात आहे. त्यावरचं 'मळित' अजून वाचता येतं.