रेघेखालचे प्रश्न

"कॅटेगरीवाले, हात वर करा."

मी तेव्हा बारावीत होते. यवतमाळला मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा क्लास लावला होता. सरांनी सराव पेपर वाटले आणि हे म्हटलं. आम्ही हात वर केले. सर एकेका बाकाशी आले आणि आमच्या पेपरवर लाल पेनाने आडव्या रेघा मारत गेले. प्रत्येक विषयात एक.

"इथवर सोडवा. तुमचा कटऑफ कमी असतो, एवढ्यात भागतं. पुढं जाल तर मायनस मार्क खाल. खालचे प्रश्न ओपनवाल्यांसाठी."

मागून कोणीतरी म्हणालं, "यांचं काय, आयत्या बिळावर नागोबा." सर हसले. मीही हसले. माझ्या त्या हसण्याची मला आजही किळस येते.

एकदा मी रेघेखालचा एक प्रश्न सोडवला. फिजिक्सचा. सरांनी मला उभं केलं.

"हे कोणाचं पाहून लिहिलं?"

"माझं मीच सोडवलं. चुकलं का सर?"

"बरोबर आहे. म्हणून तर विचारतोय."

सगळा वर्ग हसला. तास संपेपर्यंत मी उभी. फळ्यावर सोडवून दाखव, एवढंही ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर दाखवलं असतं. त्यानंतर वर्षभर मी रेघेच्या खाली गेले नाही.

मग मे महिन्यात खरी परीक्षा. पेपर कोरा करकरीत. फिजिक्स सोडवता सोडवता एका प्रश्नाशी हात थांबला. सरांनी जिथं मारली असती, नेमकी तिथं मला रेघ दिसली. खोटं नाही सांगत, लाल दिसली. वेळ भरपूर होता. खालचा प्रश्न वाचला, तो येत होता. पण कानाशी आवाज, कोणाचं पाहून लिहिलं? मी पेन खाली ठेवलं. शेजारचा मुलगा भराभर गोळे काळे करत होता, आणि मी हात मांडीवर घेऊन बसून राहिले.

आम्ही यवतमाळलगतच्या लोहाऱ्याला राहतो. बाबा तिथंच एका कंपनीत पॅकिंगला आहेत. घरी येऊन मी जमिनीवर बसले आणि सोडलेले प्रश्न सोडवत सुटले. बाबा शिफ्टवरून आले. डबा ठेवून माझ्या मागं उभे राहिले.

"हे पेपरात लिवले का व माय?"

"नाही."

"येत होते त काहून सोडले?"

सर म्हणाले आपल्याला एवढं पुरे, हे बाबांना सांगायची मला लाज वाटली. अपमान केला सरांनी, आणि लाज वाटली मला.

निकाल लागला. कटऑफ वर गेला होता. तो परीक्षेनंतर ठरतो, त्या वर्षीच्या मुलांच्या मार्कांवरून. आधी कोणालाच ठाऊक नसतो, सरांनाही नाही. ही साधी गोष्ट मला जागा गेल्यावर कळली. येत असलेले दोनचार प्रश्न लिहिले असते तर सरकारी मेडिकलला नंबर लागला असता.

मी क्लासला गेले. सर नव्या बॅचच्या पेपरांवर रेघा मारत होते.

"नर्सिंगला जा," ते मला म्हणाले. "तुमच्या लोकांत तेही खूप झालं."

क्लासात मी नेहमी पुस्तकी बोलायचे. त्या दिवशी घरचं बोलणं तोंडात आलं.

"सर, मले ते प्रश्न येत होते. रेघ तुमी मारली."

"आवाज खाली."

"नाही करत." मग ज्यांच्या पेपरांवर रेघा होत्या, त्या पोरांकडे मी वळले. "कटऑफ अजून ठरलाच नाही. पुरा पेपर सोडवा रे."

सरांनी दाराकडे बोट केलं. मी गेले, पण सगळं बोलून गेले.

यंदा पुन्हा परीक्षेला बसतेय. बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत अभ्यास करते. रेघ अजून दिसते. जेवताना मधेच तो आवाज येतो आणि घास तोंडात फिरतो. हे जाईल असं मला वाटत नाही.

जागा आरक्षणातून मिळाली तर मान वर करून घेईन. तो माझा हक्क आहे, कोणाचा उपकार नाही. पण मला किती पुरे, हे दुसऱ्या कोणी ठरवायचं नाही. परीक्षेतही ती रेघ दिसेल, मला माहीत आहे. ती ओलांडून शेवटच्या प्रश्नाचा गोळा काळा करीन.