मोठ्या मामाजींची तहानलेली जीप

देवाने जमीन केली ती उत्तमच केली, नंतर माणसाने तिच्यावर रस्ते घालून तिची नासाडी केली, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या आईचा मोठा भाऊ होता. अड्याळच्या पलीकडे एका गावात मोठ्या मामाजींची धानाची शेती होती आणि अंगणात एक जीप होती. मिलिटरीच्या लिलावातून आणलेली. स्टेअरिंग डावीकडे, छत ताडपत्रीचं, आणि दारं नव्हतीच. "दार घराले लागते, गाडीले कायले?" असं त्यांचं मत होतं. अड्याळच्या बाजाराला जायला पुढे चांगला रस्ता झाला, तरी उन्हाळ्यात ते जीप धानाच्या रिकाम्या बांध्यांमधूनच न्यायचे, एका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चढवायची की दुसऱ्यावरून उतरवायची. माझे वडील लग्नानंतर पहिल्यांदा या जीपमध्ये बसले आणि तिसऱ्या धुऱ्याला उतरून चालू लागले. जावयाला एकटं कसं सोडायचं, म्हणून मामाजींनी घरापर्यंत जीप त्यांच्या बाजूने पायी चालणाऱ्याच्या वेगाने चालवली आणि वाटभर गप्पा मारल्या.

जीप ही त्यांच्या हिशेबी यंत्र नव्हतीच, ती गोठ्यातली होती. तिचं इंजिन लवकर तापायचं, मग वाफ निघायची. मामाजी म्हणायचे, तिला तहान लागली. मग दिसेल त्या विहिरीवर, तलावाच्या काठावर थांबायचं, तिला पाणी पाजायचं आणि ती निवेपर्यंत आपण सावलीत बसायचं. अशाने भंडाऱ्याचा प्रवास कधी कधी अर्धा दिवस चाले. चिखल लागला की ते आधी चपला काढून स्वतः चिखलात शिरायचे, तळपायाने खालची जमीन कुठे घट्ट आहे ते चाचपायचे, आणि मगच जीप घालायचे. पोळ्याला बैलांबरोबर जीपही धुतली जायची. तिला झूल, बेगड, झेंडूची माळ, आणि बॉनेटवर पुरणपोळी. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, म्हणून मामाजी जीपलाही किल्ली लावत नसत. गाव हसायचं. पण पोळ्याच्या तोरणाखाली त्यांची जीप उभी राहिली नाही, तर गावालाच चुकल्यासारखं व्हायचं.

ऐंशी सालानंतर धाकट्या मामाजींनी नवी डिझेलची जीप घेतली आणि एकाच अंगणात दोन पक्ष झाले. नवीला पत्र्याचं पक्कं छत, काचा, गादीच्या सीटा, आणि ती हाक मारल्यासारखी एका दमात सुरू व्हायची. मोठ्या मामाजींना यातलं एकही सुख मान्य नव्हतं. जुनी हलकी, अंग चोरून चिखलातून निघते, नवी अंगाने भरलेली, एकदा बसली की उठायची नाही. जुनीच्या बॉनेटखाली काय बिघडलं ते कानाने कळतं, नवी तर पोटातलं सांगतच नाही. काचा लावल्या की धानाचा वास येत नाही, मग आपण कुणाच्या शेतातून जाऊन राहिलो हे माणसाला कळणार कसं? या गाडीत आपण मेल्यावरही बसणार नाही, असं त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं. धाकटे मामाजी मोठ्या भावापुढे बोलत नसत. ते फक्त गाडी पुसायचे.

अशाच एका पोळ्याला आम्ही मामाजींकडे होतो. दुपारी परसात सरपण काढताना आईच्या हाताला साप चावला. बघता बघता तिच्या पापण्या जड झाल्या, जीभ अडखळू लागली. भंडाऱ्याच्या दवाखान्याशिवाय इलाज नव्हता, आणि घरापासून पक्क्या रस्त्यापर्यंतची वाट पावसाने पार चिखलात गेली होती. अशा वाटेवर कोणती गाडी न्यायची यात कुणालाच शंका नव्हती. वडीलही जुन्या जीपकडेच धावले. मोठे मामाजी माळा घातलेल्या आपल्या जीपपुढे क्षणभर उभे राहिले. मग धाकट्या भावाला म्हणाले, "आज तिचा पोळा हाय, तिले जुंपता नाही येत. तुही गाडी काढ."

वडिलांच्या चेहऱ्यावरचा संताप मला अजून दिसतो. पण तोवर मामाजी धोतर खोचून, अनवाणी, चिखलात उतरले होते. ते पुढे, तळपायाने वाट शोधत, पडत, उठत, हाताने डावं-उजवं दाखवत, आणि ती जड गाडी मागून बरोबर त्यांच्या पावलांवर. पक्का रस्ता लागला तेव्हा ते गुडघ्यांवर चिखल घेऊन आत बसले, आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "आता थांबवू नको." भंडाऱ्यापर्यंत त्यांनी त्या गाडीतली एकही खोट काढली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आई वाचल्याचं सांगितलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून रडले. नाक पुसून बाहेर आले आणि म्हणाले की, त्या सीटा फार मऊ आहेत, कंबर धरते.

आईला त्या वाटेतलं काही आठवत नव्हतं. ती जन्मभर सगळ्यांना सांगत राहिली, "मले दादाच्या जीपनं वाचवलं." धाकटे मामाजी समोर बसलेले असत, आणि मान डोलावत. खोडून काढायचे ते मोठे मामाजीच.

"नाही बाई, धाकट्याची होती ते. माही नेली असती तं अर्ध्या वाटेत पाणी मागत उभी राहिली असती. मले तिची खोड माहीत होती. पोळ्याचं नुसतं नाव पुढे केलं मी."

हे ते लग्नकार्यात, भर पंगतीत, जुन्या जीपची चेष्टा करणाऱ्यांच्या देखत सांगायचे. आईला पटायचं नाही. दादाचा स्वभावच असा, धाकट्याला मोठेपणा देतो, म्हणून ती हसायची, आणि पुन्हा तेच सांगायची. आता त्या तिघांपैकी कुणीच नाही. पण त्या दुपारनंतर आईला हा वाद घालायला पुष्कळ वर्षं मिळाली, आणि त्या प्रत्येक वर्षासाठी मी मोठ्या मामाजींची ऋणी आहे.