तळावरची आखाजी

एकट्याने लष्करी तळ चालवणारा माणूस पृथ्वीवर एकच झाला, आणि तो दर बाजाराच्या दिवशी आमच्याकडे चहाला यायचा. साक्री रस्त्यावरच्या त्या तळावरून पलटण कधीच निघून गेली होती. मागे उरल्या छपरं उडालेल्या बराकी आणि त्यांचे राखणदार आबा. भिंतीला जागोजाग भगदाडं, पण आबा शिरणार फाटकातूनच. मी एकदा भगदाडातून आत आलो, तर मला परत बाहेर पाठवलं. "बकऱ्या तठून येतीस, मास्तर. आपन फाटकथून येवानं." मग साऱ्या तळाची पाहणी व्हायची. बाभळी माजलेल्या मेसपाशी ते आवाज खाली आणत, जणू आत साहेब लोक जेवताहेत. मला हसू यायचं, पण त्या रिकाम्या खिडक्यांसमोर मीही हळूच बोलायचो.

तिथल्याच एका खोलीत त्यांचं बिऱ्हाड होतं. बायको तिथेच वारली, मुलगी तिथेच वाढली. दर आखाजीला, म्हणजे आमच्याकडच्या माहेरपणाच्या अक्षय्य तृतीयेला, ती सासरहून आली की आबा बराकीच्या तुळईला झोका टांगत, आणि भर उन्हात त्या ओसाडीत एकटीचं गाणं घुमे. आबांना दुसरं घर नव्हतं, शेत नव्हतं, भाऊबंद नव्हते. तळाचं पुढे काय, यावर गावात रोज नवी बातमी असे: तुरुंग होणार, सूतगिरणी होणार. आबा म्हणत, "काहीच व्हवाव नही. पलटन वापस ई."

एका उन्हाळ्यात जीपमधून चार माणसं मोजणीला आली. आबांना वाटलं, पलटणीची आघाडीच आली! शेजारच्या वस्तीवरून खापरावरची पुरणपोळी करवून आणली, आमरस केला, आग्रह करकरून वाढलं. "टेपनं टोक मीच धरं व्हतं, मास्तर!" हे सांगताना छाती फुगली होती.

ती मोजणी लिलावाची होती. आबांना हे माझ्या बायकोने सांगितलं. मला धीर झाला नाही. आबांनी कप खाली ठेवला.

"मंग त्या जेवनात काबर?"

ज्याचं घर जाणार त्याच्याच घरी ते जेवले कसे, हे आबांना उमगत नव्हतं. पुढच्या वर्षी तळाला काटेरी तार लागली, खोली पडली, आबा देवळाच्या ओसरीवर गेले. आखाजीच्या सकाळी मुलीला घेऊन ते आमच्या दारात उभे.

"ताई, इले दोन दिन माहेर द्या."

बायकोने पोरीच्या हातातली पिशवी घेतली, तिला जवळ ओढलं. मी म्हटलं, "आबा, तुम्हीही आत या ना."

"नही मास्तर. हाई आते इनं माहेर शे. मी उद्या पाव्हना म्हनीसन ईसू."