गोजरबाईचा चष्मा आणि वाटूरची मंडळी

वाटूरच्या आमच्या पेंटेकोस्टल मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास स्मरणिकेसाठी लिहून द्या, असं समितीनं मला सांगितलं आणि सोबत आजवरच्या पाळकांचे फोटो पाठवले. सगळे कोट घालून, बायबल छातीशी धरून, डोळे वर लावून बसलेत. यांतल्या एकाच्याही घरात मंडळी भरली नाही. निजामाचं राज्य जाईपर्यंत ती भरली गोजरबाईच्या गोठ्यात. गोजरबाईचा फोटो नाही. तेव्हा मी तिच्याबद्दलच लिहिते. समितीला पटलं नाही तर छापू नये.

गोजरबाई आधी जुन्या मिशनची. तिथं बाप्तिस्मा म्हणजे कपाळावर चार थेंब. पुढे परतूरच्या मिशन शाळेतले पुंजाराम मास्तर कुठल्याशा संजीवन सभेला जाऊन आले आणि चार थेंबांनी काही होत नाही, आख्खा माणूस बुडवला पाहिजे, असं सांगत फिरू लागले. दुधना नदीच्या डोहात त्यांनी जी माणसं बुडवली त्यांत गोजरबाई पहिली. नाकातोंडात पाणी जाऊन तिला असा ठसका लागला, की पवित्र आत्मा आल्यावर माणूस बोलतो ती अन्यभाषा हीच, असं मास्तरांनी तिथंच जाहीर केलं. त्या ठसक्यावर आमची मंडळी सुरू झाली.

नव्या मंडळीचा नियम कडक होता. औषध घ्यायचं नाही. बरं करणारा प्रभू. डॉक्टरकडे जाणं म्हणजे त्याच्यावर भरवसा नसणं. मास्तरांची तब्येत ठणठणीत असल्यामुळे ते हा नियम फार उत्तम पाळत.

मग गोजरबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. मास्तरांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केल्या, तेल लावलं, उपास करवले. दर वेळी विचारायचे, "दिसतं का?" तिनं नाही म्हटलं, की विश्वास कमी पडला असं ठरायचं. कमी पडायचा तो तिचा. मास्तरांचा कधीच नाही. शेवटी भाकरी थापता थापता तिनं हात थेट जाळात घातला, आणि शेजारच्या द्वारकाबाईला, म्हणजे माझ्या आईला, म्हणाली, "मला जालन्याला ने." दोघी परतूरहून गाडीत बसल्या. मिशन दवाखान्यातून गोजरबाई परत आली ती बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्मा लावून.

पुढच्याच रविवारी मास्तरांनी तिचं प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकरीचा तुकडा आणि प्याल्यातला घोट, बंद केलं. गोठा बंद केला नाही. केला असता तर बसणार कुठे? ताटातली भाकर तिच्याच तव्यावरची, प्याल्यातलं मनुकांचं पाणी तिनंच काढलेलं. ताट तिच्यापाशी आलं की न थांबता पुढे सरकायचं. असं वर्षभर चाललं.

आई चिडायची. "आक्का, हाकला की सगळ्यायला! गोठा तुमचा हाय."

"गोठा माझा हाय गं, पर पंगत प्रभूची हाय. त्याच्या पंगतीतून उठवलेलं माणूस मी. काय चाटू का गोठा?" एवढं म्हणून ती पदर डोळ्यांना लावायची. एरवी रडणारी बाई नव्हे ती.

अशात परदेशातून एक साहेब मंडळ्या पाहायला येणार अशी खबर आली. मास्तर लगोलग गोजरबाईच्या ओट्यावर हजर.

"काय करून राह्यल्या, मावशी?"

"दिसत न्हाई व्हय? डाळ निवडून राह्यले. आता दिसतीय मला डाळ."

मास्तरांनी ते गिळलं. "साहेबाला बरं झाल्याची एक साक्ष पाह्यजे."

"मंग देईल की कुणी."

"कुणी बरंच झालं न्हाई ना! तुमचे डोळे उघडले, हे तर खरं? प्रार्थना आपण केल्तीच. तेवढंच सांगा. दवाखान्याचं नाव बिलकुल काढू नका, अन् चष्मा घालू नका. त्याच दिवशी भाकर तुमच्या हातात."

"चष्म्याबिगर तुमी अन् म्हैस मला सारखेच दिसता, मास्तर."

"तेवढ्यापुरतं चालंल."

भाकरीसाठी तिनं हो म्हटलं.

साहेब आले. त्यांच्या नाकावर सोनेरी काड्यांचा चष्मा होता. मंडळीनं आधी चष्म्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. मास्तर छपराकडे पाहत होते.

गोजरबाईला धरून पुढे नेलं. चष्मा माझ्या आईच्या पदरात. "प्रभूनं माझे डोळे उघडले," ती ठरल्याप्रमाणे म्हणाली. मास्तरांनी इंग्रजीत सांगितलं. साहेबांचे डोळे पाणावले. इथंच आटपायचं, पण साहेब भारावून पुढे आले, हात उंच धरला आणि काहीतरी विचारलं.

"काय दिसतं म्हणत्यात," मास्तर म्हणाले, आणि हळूच, "बोटं म्हणा, बोटं."

गोजरबाईनं डोळे बारीक करून मान पुढे काढली. 

"साक्षीला उभी हाय मी, खोटं कसं बोलू?" ती म्हणाली. "काहीच दिसंना. द्वारके, चष्मा आण जल्दी."

तिनं चष्मा चढवला. "हां. तीन बोटं. अन् याच्या नाकावर बी माझ्यावानीच हाय की! साहेब, तुमचं कुठं केलं? माझं जालन्याला. डाक्टरीणबाईनं आधी प्रार्थना केली, मंग सुरी घेतली. उघडले प्रभूनंच, पर तिच्या हातानं."

गोठा खदखदला. या सगळ्याचं मास्तरांनी चार शब्दांत भाषांतर केलं. काय केलं ते त्यांना ठाऊक. साहेब जोरात "हालेलूया" म्हणाले.

मग प्रभुभोजन. सौदा मोडला होता, तेव्हा भाकर गेली, हे गोजरबाईनं ओळखलं. मान खाली घालून ती आपल्या जागी बसली. पण पाहुण्यांचा मान म्हणून ताट साहेबांच्या हाती होतं आणि मास्तर प्याला घेऊन मागे. साहेब तिच्यापुढे थांबले. मास्तर खाकरले. साहेबांनी वळून पाहिलं. आता हिला का द्यायची नाही ते इंग्रजीत सांगायचं, तेही चष्मा लावलेल्या माणसाला! मास्तरांनी नजर प्याल्यात बुडवली. साहेबांनी भाकरीचा तुकडा गोजरबाईच्या तळहातावर ठेवला.

तिनं तो कितीतरी वेळ नुसता धरून ठेवला. मग तोंडात घातला, डोळे मिटून चावला, आणि आईच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अगं, माझ्या भाकरीत मीठच न्हाई पडलं की! वरीसभर गिळून राह्यलेत, अन् एकानं बोलू न्हाई?"