भाऊजींचे कान

भाऊजींच्या कानांतून काही सुटत नाही, असं त्यांच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत सगळे म्हणायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातली एक अख्खी खोली स्टिरिओला देऊन टाकली. परवा त्यांनी दोन डॅक मागवले. कॉम्प्युटरमधलं गाणं यूएसबीतून घेऊन स्पीकरला पोचवणारे हे डबे. एक स्वस्त, दुसरा स्कूटरच्या किमतीचा. तुलना करताना साक्षीला मला बसवलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

गाणं माझ्या ताईचं होतं. ती जायच्या चार महिने आधी त्यांनीच रेकॉर्ड केलेलं. स्वस्त डब्यावर ती गोड गायली. मग त्यांनी वायर महागड्या डब्याला लावली, आणि ताई जणू शेजारी येऊन बसली. प्रत्येक ओळीआधी तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती.

"ही तेव्हाही होती?" मी विचारलं.

"होती. मला वाटलं, माइकच्या फार जवळ श्वास घेतेय. रागावलो तिच्यावर. सात वेळा गायला लावलं. मग जमेल तेवढी पुसून काढली."

डॉक्टरांना ती शिट्टी ऐकू आली तोवर फुप्फुसं कामातून गेली होती.

भाऊजींनी महागडा डबा खोक्यात भरला आणि दुकानदाराला फोन लावला.

"परत घेऊन जा. सदोष आहे."

त्याने काय दोष म्हणून विचारलं असावं.

"मधेमधे शिट्टी येते," भाऊजी म्हणाले.