निभाच्या खोलीत गोपालला जागा

आज गुरुवार. लक्ष्मीची पूजा आटोपली, बत्तासे वाटून झाले, आता वही घेऊन बसले आहे. समोरच्या खोलीतल्या निभाबद्दल लिहून ठेवायचं आहे.

उत्तर कोलकात्यातल्या या जुन्या घरात, दुसऱ्या मजल्यावर, निभा कुंडूची दहा बाय अकराची एकच खोली. नवरा तारापदबाबू आणि दोन मुली. पलंगाच्या पायांखाली विटा लावून तो उंच करायचा, ही आमच्याकडची सगळ्यांचीच रीत. कुणी दोन लावतं, कुणी तीन. निभानं लग्न होऊन आल्या आल्या एकेका पायाखाली आठ लावल्या. वर चढायला स्टूल लागतं, पण खाली तांदळाचा डबा, शिलाई मशीन, मुलींची अभ्यासाची चटई, सगळं मावतं. पाहुणे तिला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत थट्टा करतात, "बौदी, तुमचं घर दुमजली आहे." ती म्हणते, "हो, गच्ची तेवढी राहिली."

सोमवारी तारापदबाबूंची पिशिमा, म्हणजे विधवा आत्या, कायमची राहायला आली. मुर्शिदाबादकडचं तिचं घर गंगेनं नेलं. गुडघे दुखरे, त्यामुळे स्टूल चढायचा प्रश्नच नव्हता. निभानं पलंगाखालची जागा मोकळी करून गादी घातली, बल्ब लावला, पडदा टांगला. पिशिमा आत बसून आली, म्हणाली, "छान ऊब आहे." मग तिनं गाठोड्यातून पितळी गोपाल, म्हणजे तिचा बाळकृष्ण, काढला आणि मान वर केली.

"वर कोण झोपतं गं?"

"आम्ही चौघं."

"म्हणजे रात्रभर माझ्या गोपालच्या डोक्यावर तुमचे पाय?"

निभानं सगळं वीत वीत मोजलं होतं आणि नेमकं हेच राहिलं. रोज ठाकुरासमोर, म्हणजे देवासमोर, बसणारी मी, मलाही सुचलं नव्हतं.

"कपाटावर ठेवू या," तारापदबाबू म्हणाले.

"आणि आंघोळ कोण घालणार? तू? तुला स्वतःच्या आंघोळीची आठवण करून द्यावी लागते."

मी म्हटलं, "पिशिमा, माझ्या ठाकुरघरात राहू दे त्याला."

"तुझं भलं होवो, बाई. पण तो मला सोडून झोपत नाही." गोपालला मांडीवर घेऊन ती दाराशीच बसली. "नवद्वीपला बायकांचा आश्रम आहे. उद्या मला तिथं पोचव, तारू."

निभानं समजूत घालायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. पदर खोचला आणि व्हरांड्यात गेली. भाजीची पिशवी खाली सोडून वर ओढायला तिनं तिथं लोखंडी कप्पी लावली होती. ती काढून घेऊनच आत आली.

"अगं, मग भाजी कशी चढणार?" तारापदबाबू.

"तुमच्या हातून, जिन्यानं. चढा स्टूलवर."

पलंगाच्या बाजूला, तुळईच्या कडीत कप्पी अडकली. निभानं पाटाच्या चार कोपऱ्यांना भोकं पाडली. पिशिमा दारातून सगळं बघत होती.

"त्या दोरीनं मासे चढलेत ना?"

"ती दोरी घेतलीच नाही. कप्पी गंगाजलानं धुतली." निभा माझ्याकडे वळली, "दिदी, झुलनच्या सणाला ठाकुराच्या झोक्यासाठी आणलेली तुमची नवी दोरी द्याल?"

मी धावतच आणली.

पाट टांगला, त्यावर धुतलेलं रेशमी कापड अंथरलं. पिशिमाच्या हाताला येईल इतका तो खाली आणून निभा म्हणाली, "दिवसा तो इथं. न्हाऊ घाला, जेवू घाला. निजायच्या वेळी तुम्हीच वर चढवा. तिथवर कुणाचा पाय पोचणार नाही."

"मला ओढवेल?"

"ओढून तर बघा."

पिशिमानं गोपालला बसवलं आणि दोरी धरली. गुडघे गेले असले तरी पन्नास वर्षं विहिरीचं पाणी ओढलेले हात ते. गोपाल डुलत डुलत तुळईपाशी पोचला. तिनं स्वतःच दोरीला गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली.

"तारू, उभा काय राहिलास? माझी ट्रंक पलंगाखाली सरकव. आणि या दोरीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."